उस्ताद निघून गेल्यावर

आखातात नोकरीला जाणे आपल्या घरांना कळते. कोकणापासून मराठवाड्यापर्यंत कितीतरी मोहल्ल्यांत कुणाचा भाऊ मस्कतला, कुणाचा मुलगा कुवेतला असतो. हल्ली मुलीही जातात. नर्सिंग झालेल्या मुलींसाठी रियाध-जेद्दाच्या जागांची माहिती व्हॉट्सॲपवर फिरते, आणि पगार किती, राहायची सोय काय, सोबत कोण, एवढे विचारून अम्मी-अब्बा होकार देतात. पण एखादी मुलगी म्हणाली की मला पंधरा दिवस आफ्रिकेत जायचे आहे, पगार नाही, तिकीट माझे मीच काढणार, आणि तिथल्या नर्सना शिकवून परत येणार, तर? घरात पहिला प्रश्न येतो, "यातून तुला मिळणार काय?" आम्हाला वाटते, त्याच्याही आधी विचारायला हवा असा प्रश्न दुसराच आहे. ज्यांना शिकवायचे, त्यांना यातून काय मिळणार?

शिकवणे हा आमचा पेशा. औषधपाण्यातले आम्हाला वर्तमानपत्र वाचणाऱ्याला कळते तेवढेच कळते. पण परदेशी जाऊन वैद्यक शिकवणाऱ्यांच्या हकिकती वाचताना असे दिसले की त्यांचे यश-अपयश ऑपरेशनच्या टेबलापेक्षा वर्गात ठरते. म्हणून या महिन्यात या विषयावर लिहायचे ठरवले.

सुरुवात एका जाहिरातीपासून करू. १९५८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक जाहिरात आली. इथिओपियाची राजधानी अदिस अबाबा इथल्या रुग्णालयात सुईणींची शाळा सुरू करायची आहे, त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञ हवा. ऑस्ट्रेलियाच्या डॉ. कॅथरीन हॅम्लिन आणि त्यांचे न्यूझीलंडचे पती डॉ. रेजिनाल्ड हॅम्लिन यांनी ती वाचली, अर्ज केला, आणि मे १९५९ मध्ये सहा वर्षांच्या मुलाला घेऊन दोघे तिथे पोहोचले. करार तीन वर्षांचा होता.

शाळा टिकली नाही. जेमतेम १० सुईणी शिकून बाहेर पडल्या आणि पैसा नाही म्हणून सरकारने ती बंद केली. ज्या कामासाठी बोलावले तेच संपले, म्हणजे सामान बांधून परतायला हरकत नव्हती. पण तोवर रुग्णालयाच्या दारात असा एक आजार येऊन बसला होता, जो या दोघांनी आपल्या देशात कधी पाहिलाच नव्हता.

'अडलेले बाळंतपण' हा शब्द आपल्या दादी-नानींच्या तोंडी असायचा. बाळ मोठे, वाट अरुंद, आणि कळा दोन-दोन, चार-चार दिवस. बाळाचे डोके आईच्या ओटीपोटाच्या हाडावर दाबून राहते. मधल्या नाजूक भागाला रक्त मिळत नाही, तो भाग मरतो आणि मूत्राशयाला छिद्र पडते. बाळ बहुतेक वेळा मेलेलेच जन्मते. आई वाचते, पण तिची लघवी थांबत नाही. रात्रंदिवस गळत राहते. कपडे ओले, अंगाला वास. नवरा घराबाहेर काढतो, एसटीसारख्या गाडीतही शेजारी कुणी बसू देत नाही. याला फिस्टुला म्हणतात. (आपल्याकडे भगंदर म्हणतात तो आजार वेगळा.) जिथे वेळेवर सिझेरियन होते तिथून हा आजार जवळजवळ नाहीसा झाला आहे. जिथे दवाखाना दोन दिवसांच्या वाटेवर असतो, तिथे तो आहे.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण ते आपल्या वाचकांना माहीत असावे. १०३७ साली वारलेल्या इब्न सीना यांनी 'अल-कानून'मध्ये या दुखण्याची नोंद करून ठेवली आहे. फार लहान वयात लग्न झालेल्या मुलींना गर्भामुळे मूत्राशय फाटण्याचा धोका असतो, म्हणून हकीमाने त्यांना गर्भ राहू न देण्याचे उपाय सांगावेत, असे ते लिहितात. एकदा असे झाले की मरेपर्यंत इलाज नाही, हेही त्यांनी लिहिले. त्यांच्या काळी ते खरेच होते. लहान वयाच्या लग्नाचा विषय निघाला की 'आमच्यात पूर्वीपासून असेच चालत आले' म्हणणाऱ्यांना ही नोंद दाखवायला हरकत नाही. तीही पूर्वीचीच आहे.

हा आजार बरा करता येतो हे विसाव्या शतकात ज्यांनी मन लावून दाखवले, त्यांत कैरोचे डॉ. नगीब महफूझ यांचे नाव मोठे. नोबेल मिळालेल्या अरबी कादंबरीकाराचे नाव नगीब महफूझच कसे, असे कुणाला वाटेल. कादंबरीकाराचा जन्म अडला होता, या डॉक्टरांनी आई आणि मूल दोघांना वाचवले, आणि आईवडिलांनी बाळाला डॉक्टरांचेच नाव ठेवले.

तर हॅम्लिन दांपत्य थांबले. शस्त्रक्रियेत त्यांनी स्वतःचा हात बसवला आणि १९७४ साली केवळ याच आजारासाठी अदिस अबाबात रुग्णालय उघडले. रेजिनाल्ड १९९३ मध्ये वारले, कॅथरीन मार्च २०२० मध्ये, वयाच्या ९६व्या वर्षी, अदिसमध्येच. तीन वर्षांच्या कराराची साठाहून अधिक वर्षे झाली. त्यांच्या रुग्णालयांतून ६०,००० हून जास्त स्त्रिया बऱ्या होऊन घरी गेल्या.

पण आम्हाला या सगळ्यात सर्वांत जास्त सांगावीशी वाटते ती ममीतु गाशे यांची गोष्ट. दूरच्या खेड्यातली मुलगी. १६ वर्षांची असताना चार दिवस अडून बाळ गेले आणि तिच्या नशिबी फिस्टुला आला. १९६२ मध्ये तिला अदिसला आणले. लिहिता-वाचता येत नव्हते. इलाज चालू असताना ती वॉर्डातल्या चादरी बदलू लागली, इतर बायकांचे हवे-नको पाहू लागली. मग डॉक्टरांनी तिला ऑपरेशन थिएटरमध्ये हाताशी घेतले. आधी अवजारे हातात द्यायची. मग धरायची. मग एखादा टाका. मग पूर्ण शिवण. काही वर्षांनी ती आख्खी शस्त्रक्रिया स्वतः करू लागली, आणि पुढे तर बाहेरच्या देशांतून शिकायला आलेले पदवीधर डॉक्टर तिच्या बाजूला उभे राहून शिकू लागले. १९८९ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सने हॅम्लिन पती-पत्नींबरोबर तिलाही सुवर्णपदक दिले.

वाचकहो, या शिकवण्यात परके असे काय आहे? गॅरेजमधला पोरगा असाच तयार होतो. आधी पाना दे, मग नट धर, मग हे चाक तू बसव, आणि एक दिवस उस्ताद जेवायला जातो तेव्हा गिऱ्हाईकाची गाडी तोच सोडवतो. बिर्याणीच्या डेगेपाशी उभा राहणारा शागिर्दही तसाच. आम्ही बी.एड.ला असताना याला मोठमोठी इंग्रजी नावे होती. गोष्ट इतकीच की उस्ताद रोज तिथे होता, काम रोज होते, आणि शागिर्दाच्या हातात थोडे-थोडे जास्त काम येत गेले.

बंद पडलेली ती सुईणींची शाळाही पुढे उगवली. २००७ मध्ये हॅम्लिन यांच्या नावाने सुईणींचे महाविद्यालय सुरू झाले. खेड्यांतल्या मुली निवडायच्या, चार वर्षे शिकवून पदवी द्यायची आणि त्यांनी आपल्याच भागात परत जाऊन काम करायचे, अशी तिथली रीत आहे. आजार झाल्यावर शिवण्यापेक्षा तो होऊच न देणारी मुलगी गावात असणे बरे, हा तिच्यामागचा हिशेब.

आता कुणी म्हणेल, साठ वर्षे देणारे लाखात एक. ज्या मुलीकडे पंधरा दिवसांचीच रजा आहे तिने काय करावे? रास्त प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर टांझानियात शोधावे लागते.

जन्मलेल्या दर १० बाळांपैकी साधारण एकाला श्वास सुरू करायला कुणाची तरी मदत लागते. बहुतेकांना कोरडे पुसून पाठ चोळली की पुरते. थोड्यांना तोंडावर मास्क ठेवून पिशवीने हवा द्यावी लागते. ही पिशवी म्हणजे आपल्या नर्स ज्याला अंबू बॅग म्हणतात ती. वीज लागत नाही, ऑक्सिजनचा सिलिंडर लागेलच असेही नाही. लागते ती घाई न करता केलेली घाई. पहिल्या मिनिटात बाळ रडले तरी पाहिजे किंवा त्याला हवा तरी मिळू लागली पाहिजे. हे पहिले मिनिट 'सोनेरी मिनिट' म्हणून ओळखले जाते. एवढेच शिकवणारा एक छोटा अभ्यासक्रम अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१० मध्ये तयार केला. त्याचे इंग्रजी नाव 'हेल्पिंग बेबीज ब्रीद', म्हणजे बाळाला श्वास घ्यायला मदत. पुस्तकापेक्षा चित्रे जास्त. सरावाला बाळाएवढी बाहुली, जिच्यात पाणी भरले की हातात खऱ्या बाळाचे वजन येते. शिकणाऱ्यांच्या जोड्या करतात. एक नर्स होते आणि दुसरी बाहुली हलवून बाळाची भूमिका करते. एका शिकवणाऱ्यामागे सहाच शिकणारे. साठ-साठ मुलांच्या वर्गात शिकवणाऱ्या आम्हाला हे वाचून हेवा वाटला, तो असो.

टांझानियाने हा अभ्यासक्रम सरकारी पातळीवर उचलला. आठ रुग्णालयांत आधी आणि नंतर काय झाले ते मोजले, आणि २०१३ मध्ये आकडे छापून आले. जन्मानंतरच्या पहिल्या २४ तासांतले बाळांचे मृत्यू ४७ टक्क्यांनी कमी झाले होते.

इथे थांबलो असतो तर लेख गोड झाला असता. पण त्याच टांझानियाच्या उत्तर भागात हायडोम नावाच्या गावी एक रुग्णालय आहे. तिथल्या अभ्यासकांनी आणखी एक गोष्ट तपासली. २०१० मध्ये तिथल्या नर्स आणि सुईणींना एक दिवसाचे प्रशिक्षण दिले. काही महिन्यांनी परीक्षा घेतली. बाहुलीवर सगळ्या पूर्वीपेक्षा छान करत होत्या. मग प्रसूतिकक्षात खऱ्या बाळांच्या वेळी काय होते ते पाहिले. तिथे फारसा फरक पडला नव्हता.

शिक्षक वाचक इथे गालात हसले असतील. दिवाळीच्या नाहीतर मे महिन्याच्या सुट्टीत आपली प्रशिक्षणे होतात. फोल्डर, पेन, नाश्ता, गटचर्चा, प्रमाणपत्र. शेवटच्या दिवशी नमुना पाठ प्रत्येक जण छान घेतो. जूनमध्ये शाळा उघडली की फळा तोच, खडू तोच, आणि आपणही तेच. यात शिक्षकाचा आळस नसतो. एकदा ऐकलेले आणि एकदा केलेले हातात उतरत नाही, एवढेच.

हायडोमच्या लोकांनी यावर जे केले ते आपल्या घरांतल्या लहान मुलालाही समजावून सांगता येईल. त्यांनी बाहुली वर्गातून उचलली आणि प्रसूतिकक्षातच ठेवली. आठवड्यातून एकदा, तीन ते पाच मिनिटे, ड्युटीवर असताना सराव. महिन्यातून एकदा चाळीस मिनिटांची उजळणी. शिकवणारे तिथलेच. दुसरे काही नाही. पहिल्या २४ तासांत दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण हजारी ११.१ वरून ७.२ वर आले.

मकतबात शिकलेल्यांना याचे नाव माहीत आहे. आमोख्ता. हिफ्ज करणारा मुलगा रोज नवा सबक देतो, पण उस्ताद त्याला जुने ऐकवल्याशिवाय उठू देत नाहीत. जो आमोख्ता चुकवतो त्याचे मागचे पारे निसटत जातात, मग नवा सबक कितीही चांगला असो. हायडोमच्या प्रसूतिकक्षात जे चालते ते आमोख्ताच आहे.

म्हणजे पंधरा दिवसांत काहीच होत नाही असे नव्हे. पंधरा दिवसांत सबक देता येतो. आमोख्ता ऐकणारे कुणी मागे राहणार आहे का, यावर पुढचे सगळे अवलंबून. आमच्या घरात हाच वाद झाला, तो सांगतो.

आमच्या आपांची मुलगी मुंबईत एका रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात आठ वर्षे स्टाफ नर्स आहे. नव्या मुलींना मास्क कसा धरायचा, बाळाची मान किती मागे न्यायची, हे तीच दाखवते. मागच्या पावसाळ्यात तिला एका संस्थेचे पत्र आले. टांझानियात पंधरा दिवस स्वयंसेवक म्हणून या, नवजात बाळांची काळजी शिकवा. तिने हौसेने नोंदणीचे पाच हजार भरले आणि मग घरी सांगितले.

दस्तरख्वानावर जे व्हायचे ते झाले. दुल्हाभाईंनी बिनपगारी रजा आणि विमानाचे तिकीट यांची बेरीज करून दाखवली. आपा म्हणाल्या, "आपल्याकडे बाया कमी आहेत का शिकवायला? गडचिरोलीला जा, मी स्वतः गाडीत बसवते."

आपांचे बोलणे आम्हाला अर्धे पटले. गडचिरोलीचे उदाहरण त्यांनी सहज दिले, पण ते नेमके होते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथल्या ३९ गावांत गावच्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. तिसऱ्या वर्षापर्यंत त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्येच छापून आले, आणि मग बाहेरच्या देशांनी ती पद्धत उचलली. बेळगावकडेही या श्वासाच्या अभ्यासक्रमाचा प्रयोग झाला. तिथे मृत जन्मणाऱ्या बाळांचे प्रमाण शेकडा ३ वरून २.३ वर आले. म्हणजे इथे काम आहे, आणि इथून शिकण्यासारखेही आहे. पण म्हणून तिथे जाऊच नये हे आम्हाला पटत नाही. कोकणातल्या कितीतरी घरांची पाळेमुळे पूर्व आफ्रिकेत गेली आहेत. तिथे दुकाने काढायला, नोकऱ्या करायला आपण गेलो, तेव्हा 'इथे गिऱ्हाईक कमी आहे का' असे कुणी विचारले नव्हते.

आम्ही दोघी बसलो आणि संस्थेला पाठवायला चार प्रश्न लिहिले. तिथल्या रुग्णालयाने तुम्हाला बोलावले आहे, की तुम्ही ठरवले आहे? आम्ही परतल्यावर शिकवणे कोण चालू ठेवणार, त्या व्यक्तीचे पद काय? तिथे मी काय करायचे आणि काय नाही? पुढच्या वर्षी याच ठिकाणी पुन्हा कुणी जाणार का?

उत्तर मोठे आले. त्यात सफारीची सहल होती, टी-शर्टचा माप विचारला होता, लहान मुलांबरोबर काढलेले फोटो होते. दुसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाला उत्तरच नव्हते. पहिल्याचे उत्तर गोलमोल. तिसऱ्याचे मात्र स्पष्ट होते. इथे तुम्हाला जे करायला मिळत नाही ते तिथे करायला मिळेल, असे त्यांनी अगदी आकर्षण म्हणून लिहिले होते. नर्सिंगच्या विद्यार्थिनींनाही बाळंतपणे 'हाताळायला' मिळतील.

भाचीने पत्र दोनदा वाचले. म्हणाली, "खाला, जे करायची मला इथे परवानगी नाही, ते तिथल्या बाईवर मी का करू? ती गरीब आहे म्हणून?" नोंदणीचे पैसे बुडाले. दुल्हाभाई त्यावर काही बोलले नाहीत, हे आम्ही त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवतो.

अशा सहली वाईटच असतात असे आम्ही म्हणत नाही. पण पाहुणा आला की घरच्या बाईचे काम वाढते, हे आपल्यापैकी कुणाला सांगायला नको. रुग्णालयाचेही तसेच असणार. आणायला गाडी पाठवा, कोण काय बोलते ते समजावून सांगायला एक सिस्टर द्या, वॉर्डात फिरवा. आधीच तिथे हात कमी. त्या बदल्यात मागे काही राहणार नसेल तर ती मेहमाननवाजी रुग्णांच्या वाट्यातून गेली.

भाषेचेही असेच. आम्ही उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे आमचे लक्ष तिकडे आधी जाते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. जखमी सैनिकांवर उपचार हे काम होते, पण ते नुसते उपचार करून थांबले नाहीत. चिनी भाषा शिकले, तिथल्या वैद्यकीय शाळेत चिनीतूनच शिकवू लागले, विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेचे पुस्तक लिहायला घेतले. १९४१ मध्ये बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले. ९ डिसेंबर १९४२ रोजी वारले तेव्हा वय होते ३२. त्यांच्यावर ख्वाजा अहमद अब्बास यांनी पुस्तक लिहिले आणि व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये सिनेमा काढला, म्हणून नाव घरोघरी गेले. सिनेमात ते डॉक्टर म्हणून लक्षात राहतात. ते शिक्षकही होते, हे फार जणांना ठाऊक नसते.

पंधरा दिवसांसाठी कुणी आख्खी भाषा शिकत नाही. पण टांझानियाची स्वाहिली ही आपल्याला वाटते तेवढी परकी नाही. भाचीने शब्दांची यादी आणली तेव्हा आम्हीच तिच्यापेक्षा जास्त रमलो. औषध म्हणजे दावा. रक्त म्हणजे दामू, अरबीतले दम. धोका म्हणजे हतारी, आपला खतरा. तब्येत म्हणजे आफ्या, खैर-आफियतमधली आफियत. मिनिट म्हणजे दकीका आणि सोने म्हणजे धाहाबू, तेव्हा सोनेरी मिनिट झाले दकीका या धाहाबू. शिक्षक म्हणजे म्वालिमू, मुअल्लिमचा नातेवाईक. तयार म्हणजे तयारी, आणि मोटार म्हणजे गारी, ती तर आपल्याच किनाऱ्यावरून गेलेली असावी. आपा स्वयंपाकघरातून ऐकत होत्या. 'आफ्या' ऐकल्यावर त्या पहिल्यांदा म्हणाल्या, "म्हणजे बिस्मिल्ला करून बोलता येईल इतकी तरी भाषा आहे."

दुसरी संधी तिच्याच रुग्णालयातल्या एका ज्येष्ठ सिस्टरमुळे आली. त्या सिस्टर टांझानियातल्या एकाच जिल्हा रुग्णालयात तीनदा जाऊन आल्या आहेत. पत्र या वेळी संस्थेचे नव्हते, तिथल्या मेट्रनचे होते, आणि त्यात आमंत्रण कमी, अटी जास्त. एका वेळी सहाच नर्स पाठवीन. बाहुली आणि बॅग-मास्क इथेच ठेवून जायचे. आमच्याकडे नाही असे कोणतेही यंत्र वापरून शिकवायचे नाही. आमच्या परिचारिका परिषदेची परवानगी हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका. रुग्णांचे फोटो नाहीत. आमच्या दोन नर्सना शिकवणाऱ्या म्हणून तयार करून द्यायचे, आणि दर आठवड्याचा सराव त्याच घेतील. सहा महिन्यांनी तुमच्यापैकी कुणीतरी परत येऊन त्या दोघींचे काम पाहायचे.

आम्ही ते पत्र तीनदा वाचले. आमचे चारही प्रश्न न विचारता सुटले होते. दुल्हाभाईंनी तिकिटाचा अर्धा भार उचलायचे कबूल केले. आपांनी अजून 'हो' म्हटलेले नाही, पण लशी कोणत्या घ्यायच्या याची चौकशी त्याच करत आहेत.

ज्यांच्या घरात अशी मुलगी किंवा मुलगा असेल त्यांच्यासाठी एक-दोन कामाच्या गोष्टी. रजेचा अर्ज लेखी मंजूर करून घ्यावा, तोंडी होकारावर जाऊ नये. आरोग्य विम्यात तिथून रुग्णाला हलवण्याचा खर्च धरला आहे का ते पाहावे. आणि जाण्याआधी इथे नवजात शिशू सुरक्षा कार्यक्रमाचे प्रशिक्षण झालेले असावे. २००९ पासून ते आपल्या सरकारी व्यवस्थेत आहे, आणि जे इथल्या प्रसूतिकक्षात हाताला बसलेले नाही ते विमानाने नेऊन उपयोग नाही.

मेट्रनच्या पत्रातली शेवटची अट भाचीला सर्वांत अवघड वाटते. शेवटचे तीन दिवस पाहुण्यांनी वर्गात बोलायचे नाही. त्या दोन नर्स शिकवतील, पाहुण्या मागच्या बाकावर बसतील, आणि चूक दिसली तरी वर्ग सुटेपर्यंत गप्प राहतील. "आणि मास्क उलटा धरला तरी?" तिने आम्हाला विचारले. आम्ही म्हटले, बाहुली आहे, मरणार नाही. वही घेऊन बस आणि लिहून ठेव, नंतर त्या दोघींनाच दाखव, सगळ्यांसमोर नको. बी.एड.च्या सराव पाठांना आमच्या मॅडम अशाच मागे बसायच्या, चेहऱ्यावर काहीही न दाखवता. त्यांच्या वहीत काय चालले आहे हे पाठ संपेपर्यंत कळायचे नाही, आणि तास मात्र आपल्यालाच पुरा करावा लागायचा.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात निघायचे आहे. दोनशे पानी वही आली आहे. पहिल्या पानावर स्वाहिली शब्दांची यादी आहे, उर्दू अक्षरांत.